मांडीवर येते, गुरगुरते आणि मग चावते!

उंबरठा

मंडळी, तक्रार आमच्या मांजरीबद्दल, ठकीबद्दल आहे. वय साडेतीन, नसबंदी झालेली, लसी वेळच्या वेळी, खाण्यापिण्याची ददात नाही. घरात मी, बायको आणि ठकी, एवढीच माणसं.

रोजचा प्रसंग सांगतो. संध्याकाळी मी खुर्चीत वाचत बसलो की ही येते. बोलवावं लागत नाही. आधी खुर्चीच्या हातावर उडी, मग मांडीवर दोन-तीन गिरक्या, मग पुढच्या पायांनी पाच मिनिटं कणीक मळल्यासारखी मांडी मळणं, मग मुटकुळं. डोळे अर्धे मिटलेले. मी पाठीवरून हात फिरवतो. गुरगुर सुरू होते, मांडीला कंप जाणवेल इतकी. सगळं आलबेल. आणि कसलीही पूर्वसूचना न देता मान गर्रकन वळते, पुढचे दोन पंजे मनगटाला विळखा घालतात, मागच्या पायांच्या दणादण लाथा आणि अंगठ्याखालच्या उंचवट्यात दात. दोन सेकंदांत खेळ खलास. मग ही खाली उतरून दोन हातांवर बसते आणि पंजा चाटते, जणू चावलो मीच.

बायकोला आजवर एकदाही चावलेली नाही. बायको तिचे लाड करत नाही, तिच्याकडे धड बघतसुद्धा नाही. आणि रात्री ठकी झोपते ती तिच्याच पायाशी. हा कुठला न्याय?

माझं काही चुकतंय, की ही जातच लहरी? ज्यांच्याकडे मांजरं आहेत त्यांनी सांगा. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनीही सांगा, तसंही ते सांगणारच आहेत.

खारूताई

"जणू चावलो मीच", हहपुवा (हसून हसून पुरेवाट)!

एक विचारते. चावायच्या आधी शेपटी काय करत होती?

उंबरठा

शेपटी? लक्ष नव्हतं हो. पुस्तकात होतो.

खारूताई

तिथंच घोळ आहे. "कसलीही पूर्वसूचना न देता" हे शब्द खोडा बघू. तिने सूचना दिल्या होत्या, बहुतेक तीन-चार वेळा. तुम्ही पुस्तकात होतात.

हात फिरवून घेणं मांजराला आवडतं, पण ठरावीक मापापर्यंत. तोच हात, त्याच जागेवरून, त्याच दिशेने फिरत राहिला की सुखाची चिडचिड होते. आपल्याला नाही का, कुणी पाठ खाजवली तर बरं वाटतं, पण त्याच जागी खाजवतच राहिला तर नकोसं होतं? आपण "पुरे" म्हणतो. मांजर आधी शेपटीचं टोक हलवतं. अख्खी शेपटी नाही, नुसतं टोक. मग टोक आपटायला लागतं. कान पुढे असतात ते बाजूला वळतात. पाठीवरची कातडी थरथरते, पाण्यावर वाऱ्याची झुळूक फिरावी तशी. गुरगुर मध्येच थांबते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात. शेवटी ती हाताकडे एकदा बघते. ही शेवटची घंटा. त्यानंतरही हात फिरत राहिला तर दात.

आणि हात कुठे फिरतो त्यालाही महत्त्व आहे. गाल, हनुवटीखाली, कानांच्या मध्ये, इथे बहुतेकांना चालतं. गालाशी तिच्या वासाच्या ग्रंथी असतात, ती स्वतःच तिथे तुम्हाला घासून घेते. शेपटीच्या मुळाशी आणि पोटावर मात्र जपून. लोळून पोट दाखवलं म्हणजे "मला तुझी भीती वाटत नाही" इतकंच. "ये, हात घाल" असा त्याचा अर्थ आपण लावतो.

करून बघा: तीन वेळा हात फिरवा आणि काढून घ्या. हवं असेल तर ती डोक्याने हाताला ढुशी देईल. ढुशी आली तर पुढचे तीन. नाही आली तर वाचा पुस्तक.

मधलीसुट्टी

वहिनींचं कोडं सोपं आहे. त्या बघत नाहीत, म्हणूनच ती त्यांच्याकडे जाते. मांजराच्या भाषेत टक लावून बघणं म्हणजे भांडण उकरून काढणं. पाहुण्यांमध्ये मांजरांची भीती वाटणारा जो एक असतो, त्याच्याच मांडीवर ती जाऊन बसते हे पाहिलंय ना? बाकी सगळे "ये ये, माऊ माऊ" करत हात पुढे करत असतात, आणि हा बिचारा भिंतीकडे बघत अंग चोरून बसलेला असतो. तिच्या लेखी खोलीतला सगळ्यात सभ्य माणूस तोच.

जवळीक मांजराने सुरू केली तर ती जास्त वेळ टिकते आणि आपण सुरू केली तर लवकर आटोपते, हे अभ्यासकांनी मोजून पाहिलेलं आहे. बघायचंच असेल तर डोळे बारीक करा, सावकाश मिटा, सावकाश उघडा. इंग्लंडमध्ये ससेक्स विद्यापीठातल्या मंडळींनी २०२० साली यावर प्रयोग प्रसिद्ध केला. माणसाने असे डोळे बारीक केले की मांजरंही तसेच करून उत्तर देतात, आणि असं करणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाताशी यायला जास्त राजी असतात. आमच्याकडे चालतं. शेजाऱ्यांनी पाहिलं तर मात्र तुमच्याबद्दल काय वाटेल ते मी सांगू शकत नाही.

नऊ_जन्म

ठकीचा रंग कोणता? तिरंगी असेल तर विषयच संपला. पांढरं-काळं-केशरी मांजर म्हणजे भडक डोकं. आमच्याकडे दोन होत्या, दोघी तिखट.

उंबरठा

तिरंगीच आहे!! आता?

खारूताई

आता काही नाही. दोन मांजरींवरून अख्ख्या रंगाला नाव ठेवू नका.

रंगाची गंमत वेगळी आहे. केशरी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मादीकडे दोन एक्स, म्हणून एकीकडून केशरी आणि दुसरीकडून काळा असे दोन्ही रंग एका अंगावर दिसू शकतात. बोक्याकडे एकच एक्स, त्यामुळे तिरंगी मांजर जवळपास नेहमी भाटीच असते. तिरंगी म्हणून तिखट हे कितपत खरं ते राहू दे, पण तिरंगी म्हणून मादी हे मात्र खरं.

स्वभावावर मोठा परिणाम लहानपणाचा. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसांचे हात, आवाज, वास यांची ओळख झाली तर ते जन्मभर माणसात राहतं. त्या वेळी माणूस दिसलाच नाही तर पुढे कितीही जीव लावा, थोडं अंतर राहतंच. ठकी तुमच्याकडे केवढी असताना आली?

उंबरठा

चार-एक महिन्यांची असेल. जिन्याखाली सापडली. पहिले दहा दिवस कपाटामागून बाहेर आली नव्हती.

खारूताई

मग ती मांडीवर येते हेच खूप आहे हो. तक्रार कसली करताय?

सरळसोट

उपाय एकच. चावली की नाकावर एक टिचकी किंवा पाण्याचा फवारा. दोन दिवसांत सरळ येईल. कुत्र्याला शिकवता येतं, मग मांजराला का नाही?

मधलीसुट्टी

फवाऱ्याने मांजर शिकतं एवढंच की या माणसाच्या हातातून अधूनमधून पाणी येतं. चावण्याशी त्याचा संबंध ते जोडत नाही. टिचकीने तर खेळ वाढतो किंवा भीती, दोन्ही वाईट. चावली तर हात ओढू नका, ओढला की भक्ष्य पळाल्यासारखं वाटून पकड घट्ट होते. ढिला सोडा, गप्प राहा, ती सोडेल. मग उठून जा.

रात्रपाळी

जखमेचं कुणीच बोलत नाहीये म्हणून लिहिते, मी रुग्णालयात काम करते. मांजराचा दात सुईसारखा असतो. वरून चार ठिपके दिसतात, आत खोल गेलेला असतो. ठिपका वरून लगेच मिटतो आणि जंतू आत कोंडले जातात. वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. आणि डॉक्टरांना दाखवायचं, विशेषतः चावा हातावर, बोटाच्या सांध्याजवळ असेल तर. दुसऱ्या दिवशी सूज, ठणका, लाल रेघ दिसली तर एक तासही थांबायचं नाही. रेबीजच्या इंजेक्शनचं डॉक्टर ठरवतील, "घरचंच मांजर आहे" असं आपण ठरवायचं नाही. उंबरठा, तुम्ही इतके दिवस काय करत होतात?

उंबरठा

…फुंकर.

रात्रपाळी

धन्य आहे.

जुनी_पायरी

धागा वाचताना हसत होते, पण एक लिहायलाच हवं.

आमचा बोका सात वर्षांचा होता. कसाही उचला, उलटा करा, काही म्हणायचा नाही. नातवंडं त्याला टोपी घालायची. एके दिवशी सकाळी उचलायला गेले तर फिसकारून अंगावर आला. आदल्या दिवशी घरात पाहुणे होते, मी म्हटलं रुसलाय. दिवसभर सारखा लिटरच्या, म्हणजे शी-शूच्या वाळूच्या, ट्रेमध्ये जाऊन बसत होता. बाहेर यायचा, चार पावलं चालायचा, परत आत. मला वाटलं पोट साफ होत नसेल. थोडा ओरडलाही, पण तो तसा बोलकाच होता.

संध्याकाळी ट्रे साफ करायला घेतला. खुरपीने सगळं लिटर वरखाली केलं. एकही ओला गोळा नाही. कोरडं ठाक. सकाळी मी स्वतः नवीन भरलं होतं, म्हणजे दिवसभरात त्याला एक थेंबही झाली नव्हती.

तशीच टोपलीत घालून डॉक्टरांकडे नेलं. लघवी तुंबली होती. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, खडे किंवा चिकट गाळ अडकला की बंद. एक-दोन दिवसांत जीव जातो, असं डॉक्टर म्हणाले. नळी घातली, तीन दिवस तिथेच ठेवलं. वाचला, पुढे पाच वर्षं जगला. पण ट्रेमध्ये बसलेला असताना मी त्याला "पुरे झाली नाटकं" म्हणाले होते, ते अजून आठवतं.

तेव्हा ठकीचं जे काय आहे ते कायमचं आहे, ठीक. पण गरीब मांजर एकाएकी तिखट झालं, किंवा तिखट मांजर एकाएकी गरीब झालं, तर लहर म्हणू नका. मांजर दुखणं दाखवत नाही. गुरगुरतं म्हणून बरं आहे असंही नाही, आमचा तपासणीच्या टेबलावरसुद्धा गुरगुरत होता.

नऊ_जन्म

आजी, अंगावर काटा आला. आमची तेरा वर्षांची म्हातारी रात्रभर हंबरडा फोडायची, खायची राक्षसासारखी आणि तरी हाडं दिसायला लागली होती. वरून चिडचिड. आम्ही वयाच्या नावावर खपवत होतो. थायरॉइड निघालं. गोळ्या चालू झाल्या तशी महिन्याभरात झोपायला लागली, आम्हीही.

आणि दुखतंय असं वाटलं म्हणून आपल्या घरातली तापाची गोळी मांजराला कुणी देऊ नका. पॅरासिटामॉल त्यांच्यासाठी विष आहे. अर्धीसुद्धा नाही.

उंबरठा

आठ दिवसांनी परत आलोय. आधी सांगतो, ठकीला डॉक्टरांना दाखवलं. दात, कान, पाठ, सगळं ठीक. मलाही दाखवलं, रात्रपाळी ताईंच्या धाकाने. इंजेक्शनं चालू आहेत.

मग एक वही केली. बायको हसली, हसू दे. रोज कितव्या हाताला काय झालं ते लिहायचं. पहिल्या दिवशी अकराव्या हाताला दात. दुसऱ्या दिवशी नवव्याला शेपटीचं टोक हललं, मी थांबलो. तिने मान वळवून हाताकडे बघितलं आणि परत डोकं टेकवलं. इतक्या वर्षांत मी ते बघणं कधी पाहिलंच नव्हतं! तिसऱ्या-चौथ्या दिवशी तीन-तीनचा हिशेब पाळला, ढुशी आली, एकदा तर ओळीने पाच वेळा आली. पाचव्या दिवशी शेपटी अजिबात हलली नाही आणि तरी चावली. हात शेपटीच्या मुळाशी गेला होता.

पण खरा शोध बायकोने लावला. ती समोर बसून बघत होती. म्हणाली, "तुम्ही पुस्तक वाचता ना, त्यात काही घडायला लागलं की तुमचा हात जोरात चालतो. शेवटी शेवटी तर तुम्ही तिला थोपटत नाही, बडवता." मला पत्ताच नव्हता. म्हणजे ठकी माझ्या पुस्तकातल्या खुनाला चावत होती. आता मांडीवर मांजर असताना मी रहस्यकथा वाचत नाही. सध्या बागकामावरचं एक पुस्तक चालू आहे. हात एकदम संथ.

मधलीसुट्टी

"पुस्तकातल्या खुनाला चावत होती" याला माझ्याकडून आजचं बक्षीस.

आमचंही एक घ्या. जाई-जुई सख्ख्या बहिणी, पाच वर्षं एका टोपलीत झोपलेल्या. जाईला दातांसाठी दवाखान्यात नेलं, संध्याकाळी परत आणली, तर जुईने फिसकारून घर डोक्यावर घेतलं. पाठीची कमान, केस ताठ, जणू चोर शिरलाय. चार दिवस. मी जुईला दुष्ट, कृतघ्न काय काय म्हणाले. नंतर कळलं की जाईच्या अंगाला दवाखान्याचा वास होता, आणि मांजर ओळखतं ते आधी वासाने. डोळ्यांना दिसत होती बहीण आणि नाकाला कुणी परकं. आता एकीला नेलं की आल्यावर वेगळ्या खोलीत ठेवते, एकाच पंचाने दोघींना आलटून पालटून पुसते, मग दार उघडते.

सरळसोट

मला एक कळत नाही. मांजर चावलं तर माणसाने शेपटी बघितली नाही. शेपटी बघितली तर हाताची जागा चुकली. जागा बरोबर असेल तर पुस्तक चुकलं. म्हणजे मांजर कधी चुकतच नाही? तुम्ही लोक चावून झाल्यावर कारण शोधता आणि मग म्हणता, बघा, कारण होतं. असं तर कशाचंही कारण सापडतं. कुत्र्याच्या बाबतीत इतका पंचनामा करावा लागत नाही.

खारूताई

सरळसोट, टिचकीवाल्या सल्ल्यानंतर तुमच्याशी सहमत व्हावं लागेल असं वाटलं नव्हतं, पण मुद्दा बरोबर आहे. मागाहून कारण जोडणं सोपं असतं. म्हणूनच उंबरठांची वही मला आवडली. त्यात चावण्याच्या आधीचं लिहिलंय, आणि जिथे अंदाज चुकला तेही लिहिलंय.

कुत्र्याचं म्हणाल तर तुलना बरोबरीची नाही. कुत्र्याला माणसाने हजारो वर्षं कामासाठी निवडून निवडून वाढवलं, सांगितलेलं ऐकणाऱ्याची वीण पुढे नेली. मांजराकडून आपण उंदरांखेरीज काही मागितलंच नाही. धान्याच्या कोठारांपाशी उंदीर, उंदरांमागे मांजर, आणि माणसाने त्याला हाकललं नाही, इतकीच सोयरिक. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय, सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं, म्हणजे ओळख जुनी आहे. पण त्यांचा रानटी पूर्वज एकट्याने शिकार करणारा. कळपात राहणारा प्राणी भांडण मिटवायच्या खुणा शिकतो, मान खाली घालतो, अंग टेकतो. एकट्या प्राण्याकडे दोनच वाटा, निघून जा किंवा फटका मार. मांडीवरून निघून जायला जागा नसली, वर आपला हात असला, तर उरतो फटका.

आणि हो, मांजर चुकतंच. तुमच्या पायाच्या अंगठ्यावर उंदीर समजून झेप घेतं, ते काय मग?

सरळसोट

टिचकी मागे घेतो. बाकीचं नाही.

उंबरठा

ताजी बातमी. काल बायकोचा नंबर लागला!!

संध्याकाळी, दिवेलागणीच्या सुमारास. ठकी खिडकीच्या कट्ट्यावर बसून बाहेर बघत होती. बायको नेहमीसारखी तिच्याकडे न बघता शेजारून गेली, तर हिने वरून पायावर झेप घेतली आणि घोट्याला चावली. वर गुरकावत राहिली, माझ्यावरसुद्धा. मला आधी (खरं सांगतो) थोडं बरं वाटलं, मग बायकोचा चेहरा बघितला. धुतलं, पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. डॉक्टरही झाले. पण आता माझ्या वहीचं काय? तिथे कुणी हात फिरवला नव्हता, पुस्तक नव्हतं, काही नव्हतं.

खारूताई

खिडकीबाहेर कोण होतं?

उंबरठा

गंमत म्हणजे ते बायकोने पाहिलं होतं. गेले चार दिवस एक दांडगा काळा बोका समोरच्या भिंतीवर येऊन बसतो.

खारूताई

मग तोच. राग बोक्यावर, मध्ये काच, आणि वहिनी जवळून गेल्या. वड्याचं तेल वांग्यावर. "कुणीही न चिथावता हल्ला केला" अशा तक्रारींमागे हे पुष्कळदा निघतं, कारण आपण खोलीत येईपर्यंत बाहेरचा बोका निघून गेलेला असतो. पहाट आणि संध्याकाळ या तशाही मांजरांच्या जागेपणाच्या वेळा.

आता तिला समजवायला, उचलायला जाऊ नका. खोलीत अंधार करा, पाणी आणि ट्रे आत ठेवा, दार लोटा. काहींचा राग तासाभरात उतरतो, काहींना दुसरा दिवस उजाडतो. ती स्वतः येऊन खायला मागेल तेव्हा उतरला समजा. आणि खिडकीचा खालचा भाग झाका, भिंत दिसली नाही पाहिजे.

जुनी_पायरी

वहिनी रागावल्यात का?

उंबरठा

नाही आजी. म्हणाली, "माझ्यावर नव्हतं ते." रात्री ठकी परत तिच्याच पायाशी झोपली, चावलेल्या बाजूला. मी अजून मांडीपुरताच.

खिडकीच्या खालच्या अर्ध्या काचेला आज सकाळी वर्तमानपत्र चिकटवलं. दुपारी बघतो तर ठकी टेबलावर, टेबलावरून पुस्तकांच्या गठ्ठ्यावर, आणि तिथून मान लांब करून वरच्या अर्ध्यातून भिंतीकडे बघतेय. शेपटीचं टोक हलतंय. उद्या वरचंही चिकटवतो.